डोंगर, जंगल आणि पंचेचाळिशीतले पाय

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मला 'धावपटू' म्हटलं. हे ऐकून आपले पीटीचे सर दचकले असतील, कारण शाळेत असताना मी कबड्डीच्या संघात राखीव खेळाडूसुद्धा नव्हते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. १९९६ ला आपण दहावी झालो, तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आपण परभणी जिल्ह्यातले होतो. स्टेशनात मीटरगेजची गाडी यायची. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, नोकरीसाठी पुण्याला गेले, आणि तेव्हापासून दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून आहे. माझा व्यवसाय बसण्याचा आहे. त्यामुळे आज मी डोंगरातल्या पळण्याबद्दल बोलणार आहे याचं तुमच्याइतकंच मलाही नवल वाटतं.

संयोजकांनी मला विषय दिला तो 'माझा छंद'. पण मघाशी आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहिलो. आपल्या वर्गातले दोन मित्र आज नाहीत. दोघंही पन्नाशीच्या आत गेले, दोघंही हृदयविकाराने. त्यानंतर मला छंदावर गमतीशीर काही बोलणं जमेना. म्हणून जे बोलणार आहे ते थोडं गंभीर आहे. ते गोड मानून घ्या.

माझ्या वडिलांना साखर होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलंय. तरुणपणी ते श्रावणात हिंगोलीहून औंढ्याला पायी जायचे. सुमारे पंचवीस किलोमीटर. पुढे नोकरीत बढती मिळाली, मोटारसायकल आली, आणि पायी जाणं थांबलं. शेवटच्या वर्षांत त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हे आठवतं कारण माझ्या एक्केचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "अजून औषध नको, पण रोज चाला." मी चालायला लागले. सुरुवात एवढीच आहे. त्यात स्वप्न, जिद्द वगैरे काही नव्हतं. भीती होती.

पुण्यात चालायला टेकड्या आहेत. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. सहा महिन्यांत चालण्याचं हळूहळू पळणं झालं. मग कुणीतरी रविवारी सिंहगडावर घेऊन गेलं. आतकरवाडीहून वर जाणारी पायवाट अडीच-तीन किलोमीटरची आहे, पण त्यात सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. म्हणजे साधारण दोनशे मजले चढल्यासारखं. पहिल्यांदा मी पाच वेळा बसले. बसल्या जागेवरून मला दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका दिसल्या. त्यातल्या काही माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असतील. पायात साध्या चपला. त्या गप्पा मारत चढत होत्या, आणि मला दोन शब्द बोलायला श्वास पुरत नव्हता.

तिथं मला पहिला धडा मिळाला, आणि पुढे कळलं की प्रशिक्षकही हेच शिकवतात. ज्या वेगात तुम्ही पूर्ण वाक्य बोलू शकता तो तुमचा वेग. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा. हृदय हळूहळू मजबूत होतं ते या बोलत-बोलत पळण्यातच. आपल्या वयात धडधडीत पळून स्वतःला आजमावण्याची हौस ज्यांना असते त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं, ईसीजी आणि गरज असल्यास स्ट्रेस टेस्ट करावी. मी केली होती. पळणं हे औषध नाही, आणि छातीत दुखत असताना पळणं तर आत्महत्याच. हे मुद्दाम सांगते, कारण भाषण ऐकून उद्या सकाळी कुणी बायपासच्या चौकात दहा किलोमीटर पळायला जाऊ नये.

आता शर्यतीबद्दल. रस्त्यावरची मॅरेथॉन तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. डोंगरातली शर्यत तिची चुलत बहीण, पण स्वभाव वेगळा. इथं डांबर नाही, किलोमीटरचे दगड नाहीत, बघायला गर्दी नाही. पाऊलवाट, ढोरवाट, ओढ्यातले धोंडे, कारवीचं रान, घसाऱ्याचा उतार. झाडांना बांधलेल्या फिती हाच रस्ता. आणि बाहेरच्या लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की मोठ्या चढावर जवळजवळ सगळेच चालतात. हात मांडीवर टेकवून, मान खाली घालून, झपाझप चालायचं. पळायचं ते सपाटीला आणि उतारावर. त्यामुळे 'मला पळता येत नाही' हे कारण इथं चालत नाही.

जगात अशा शर्यती बऱ्याच आहेत. युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वताला फेरी घालणारी एक शर्यत २००३ ला सुरू झाली. सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढ दहा हजार मीटर. अमेरिकेत टेनेसीच्या जंगलात बार्कले नावाची शर्यत आहे. तिच्यात साठ तासांत पाच फेऱ्या मारायच्या असतात, आणि बहुतेक वर्षी एकही माणूस ती पूर्ण करत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जास्मिन पॅरिस ही बाई ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. वेळ संपायला ९९ सेकंद उरले होते. ही बाई पशुवैद्य आहे, दोन लेकरांची आई आहे. २०१९ ला तिने इंग्लंडमध्ये स्पाइन रेस नावाची ४३१ किलोमीटरची शर्यत पुरुषांनाही मागे टाकून जिंकली, तेव्हा तिचं बाळ अंगावर पीत होतं. विश्रांतीच्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. हे मी बायकांना प्रेरणा म्हणून सांगत नाही. प्रेरणेने आपला स्वयंपाक कमी होत नाही. सांगायचं ते एवढंच की लांब पल्ल्यात, संयम लागतो तिथं, बायका मागे पडत नाहीत. आणि हे जगाला फार उशिरा कळलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ ला. तोवर आपल्यापैकी बरेच जण बालवाडीत गेले होते.

आपल्याकडे उदाहरणं कमी नाहीत. माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागातली ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं. बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून, नऊवारीत शर्यत धावली आणि जिंकली. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला. यातली कुणीही मोठ्या शहरात वाढलेली नाही.

मी ज्या शर्यतीत उतरले तिचं नाव एसआरटी अल्ट्रा. सिंहगड, राजगड, तोरणा. ट्रेकिंग करणाऱ्यांना ही वाट जुनी माहीत आहे. लोक ती दोन-तीन दिवसांत, मुक्काम करत करतात. शर्यतीत ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटरचे गट असतात. मी ५३ चा गट निवडला, कारण तिन्ही किल्ले एका दिवसात पायाखाली घालायचे होते.

तयारीला चौदा महिने गेले. पहाटे साडेचारला उठायचं, कारण सातला डबे असतात आणि नऊला मीटिंग. आठवड्यातून चार दिवस पळणं, दोन दिवस पायांचा व्यायाम, एक दिवस सुट्टी. उतारावर पळताना मांडीच्या स्नायूंना ताणत-ताणतच शरीराचा भार सांभाळावा लागतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याने पाय जास्त दुखतात. त्यासाठी उठाबशा, एका पायावरच्या उठाबशा, जिने चढणं-उतरणं. आमच्या सोसायटीचा वॉचमन सुरुवातीला विचारायचा, "लिफ्ट बंद आहे का मॅडम?"

आणि आईचा फोन. आई इथंच, हिंगोलीत असते. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काहून पळायलीस गं? कोण लागलंय मागं?" मी म्हटलं, "साखर लागलीय, आई." त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. दर महिन्याला शेंगदाण्याचे लाडू मात्र पाठवायला लागली. शर्यतीत माझ्या पिशवीत तेच होते. बाजारात जेलच्या पुड्या मिळतात, महाग असतात. तत्त्व एवढंच की लांब पळताना दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिठूळ किंवा गोड पोटात गेलं पाहिजे, आणि घामातून जाणारं मीठ भरून निघालं पाहिजे. गुळाचा लाडू, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ओआरएसचं पाणी. आपल्या आज्यांना हे पटलं असतं.

डिसेंबरातली पहाट. सिंहगडाच्या पायथ्याशी अंधारात डोक्याला बॅटऱ्या बांधलेली माणसं. अंधारात चढायला लागलं की आपल्यापुढे दोन हात एवढाच उजेडाचा गोल असतो. वर किती उरलंय ते दिसत नाही, आणि ते फार बरं असतं. वरून मागे बघितलं तर दिव्यांची रांग डोंगराच्या सोंडेवरून हलत होती. याच कड्यांवर १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांची माणसं रात्री दोर लावून चढली. त्यांच्या डोक्याला बॅटरी नव्हती.

कल्याण दरवाजातून पलीकडे उतरलं की लांब धार लागते. उजाडलं ते तिथं. मग विंझरच्या बाजूची शेतं, गावं. गावातली पोरं हात पुढे करून उभी असतात, टाळी द्यायला. दोन-तीन मैलांपर्यंत कुणी म्हातारबा विचारतो, "किती राह्यले मागं?" आपण पहिल्या शंभरात की शेवटच्या, त्याला फरक पडत नाही, तो सगळ्यांना तेच विचारतो.

राजगडाचा चढ माझ्यासाठी कठीण गेला. ऊन वर आलं होतं. राजगडाने पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी पाहिली. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात राजगड आहे. पद्मावती माचीवर पोहोचले तेव्हा इतिहास मनात आला नाही, पाण्याचा हौद कुठं आहे एवढंच मनात होतं. संजीवनी माचीवरून पुढे गेलं की अळू दरवाजा, आणि तिथून खाली राजगड आणि तोरणा यांना जोडणारी डोंगराची धार. समोर तोरणा दिसतो. १४०० मीटर उंच. शिवाजी महाराजांनी पहिल्यांदा घेतला तो हा किल्ला, त्याची अफाट पसरण बघून त्याला प्रचंडगड नाव दिलं, असं सांगतात. त्या धारेवरून ते नाव पटतं. तो जवळ दिसतो आणि जवळ येत नाही.

याच धारेवर जे घडलं ते सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

माझ्या पुढे एक मुलगा होता. पंचविशीतला असेल. धडधाकट, भारी बूट, हातात भारी घड्याळ. एका वळणावर तो वाटेच्या कडेला कारवीत बसलेला दिसला. उलटी झाली होती. मी विचारलं, "काय होतंय?" तर तो म्हणाला, "काही नाही काकू, तुम्ही व्हा पुढे." मी दहा पावलं पुढे गेले आणि वळले. तो उठला होता, पण उलट्या दिशेला, राजगडाकडे चालायला लागला होता. मी हाक मारली, कुठं चाललात? तो म्हणाला, "तोरण्याला."

ज्याला दिशा कळत नाही त्याला एकटं सोडायचं नाही. सकाळपासून तो नुसतं पाणी पीत होता, भरपूर पाणी, आणि खाल्लं काहीच नव्हतं. घामातून मीठ जात राहिलं आणि वरून नुसतं पाणीच प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, गोंधळ उडतो, आणि पुढे जीवाला धोका होतो. उन्हाचा त्रासही असाच दिसतो. कोणता त्रास आहे हे डोंगरात आपल्याला ओळखता येत नाही, आणि ओळखायची गरजही नसते. बसवायचं, सावलीत न्यायचं, पाणी पाजत सुटायचं नाही, आयोजकांना फोन लावायचा, आणि मदत येईपर्यंत जागा सोडायची नाही.

फोनला रेंज नव्हती. मागून आलेल्या एका धावपटूला निरोप दिला, तो पुढच्या खिंडीतल्या थांब्यावर सांगायला पळाला. धारेवर धनगरांची दोन-चार घरं आहेत. त्यातली एक मावशी ताक विकायला बसली होती. तिच्या झोपडीच्या सावलीत त्याला आडवं केलं. मी घड्याळ बघत होते, हे खरं सांगते. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती चुकली की तुम्हाला शर्यतीतून काढतात, मग पायात कितीही जोर असो. चौदा महिन्यांच्या पहाटा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. आणि समोर एका आईचं लेकरू, ज्याला आपण कुठं आहोत हे सांगता येत नव्हतं.

मावशी शांत होती. तिने त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवला. मला म्हणाली, "पहिला आला की काय देत्यात?"

"पदक देतात."

"अन् पैसं?"

"पैसे आपणच भरायचे असतात, मावशी."

ती इतकी हसली की तो पोरगासुद्धा डोळे उघडून बघायला लागला.

पस्तीस-चाळीस मिनिटांनी स्वयंसेवक आले. तोवर तो बरा बोलायला लागला होता. त्याला धरून खिंडीत नेलं, तिथून गाडीने खाली. संध्याकाळी त्याला दवाखान्यातून सोडल्याचं कळलं. मी धावायला लागले. बुधला माचीच्या अलीकडे लोखंडी शिडी आहे, तिथं हात थरथरत होते. तोरण्यावर सूर्य मावळतीला आला होता. मेंगाई देवीला बाहेरूनच हात जोडले आणि बिनी दरवाजातून उतरायला लागले. उतार संपेपर्यंत पुन्हा डोक्याला बॅटरी बांधावी लागली. किती वेळ लागला ते विचारू नका. ठरलेल्या वेळेच्या आत आले, मागे फार जण नव्हते.

घरी आल्यावर बऱ्याच जणांनी म्हटलं, तू केवढं मोठं मन दाखवलंस. मला ते पटत नाही. डोंगरातल्या शर्यतींचा हा साधा नियम आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाला मदत करणं बंधनकारक असतं. तो नियम का आहे याचं उत्तर २२ मे २०२१ या तारखेत आहे. चीनच्या गान्सू प्रांतात त्या दिवशी शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण निघाले. उंचावर एकाएकी गारपीट, थंड पाऊस, वारा. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे. २१ जण गारठून मेले. त्यात चांगले नावाजलेले धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. झू केमिंग त्याचं नाव. तो गुहेत आडोशाला बसला होता, त्याने एकेकाला आत नेलं, शेकोटी पेटवली.

वेगवान माणसं गेली, आणि वाचवायला मेंढपाळ होता. आमच्या धारेवर ताकाची मावशी होती. डोंगरात जो रोज राहतो त्याला तिथलं कळतं. म्हणूनच शिट्टी, बॅटरी, ऊब देणारी चंदेरी चादर, प्रथमोपचाराचं सामान या गोष्टी पिशवीत असल्याशिवाय बऱ्याच शर्यतींत उभंच राहू देत नाहीत. त्या चादरीचं वजन एका चपातीएवढं असतं. मला माझ्या व्यवसायात हे ओळखीचं वाटतं. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा सगळं नीट चाललं तर काय होईल यावर थोडा वेळ देतो, आणि बिघडलं तर काय होईल यावर जास्त. संसारात आणि शरीरात आपण नेमकं उलटं करतो. मुलांच्या शिक्षणाची तजवीज असते, घराच्या हप्त्यांची असते, आणि स्वतःची साखर तपासायला वेळ नसतो.

माझी साखर आता ५.६ आहे. उंबरठ्याच्या जेमतेम आत. पळणं थांबवलं की ती परत जाईल हे मला माहीत आहे. म्हणून मी याला विजय म्हणत नाही. हे रोजचं झाडून घेण्यासारखं आहे.

आता आपल्या गावाकडे येते. मला पुण्यात लोक म्हणतात, तुमच्याकडे कुठले डोंगर? मी त्यांना औंढ्याचे फोटो दाखवते. नागनाथाच्या भोवतालचे डोंगर, साग, पळस, टेंभुर्णी, फाल्गुनात पेटल्यासारखी दिसणारी रानं. सह्याद्रीएवढे उंच नाहीत, आणि नवशिक्याला तेच बरं. रोही दिसतात, मोर दिसतात. चालण्याची परंपरा तर आपली जुनीच. नरसीच्या नामदेवांना आपण आपले म्हणतो. ते पंढरपूरला गेले आणि तिथून पंजाबातल्या घुमानपर्यंत पोहोचले. त्यांची पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. बूट कोणत्या कंपनीचे होते याची नोंद नाही. आणि आता औंढ्याजवळ लायगोची प्रयोगशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटर लांबीचे दोन हात, विश्वाच्या कोपऱ्यातून येणारे गुरुत्वलहरींचे सूक्ष्म थरथराट मोजायला. तिथं मात्र कुणी पळू नका, उपकरणाला वाटेल तारे आदळले.

थट्टा बाजूला. मी तुमच्यापुढे एक प्रस्ताव ठेवते. दर वर्षी माजी विद्यार्थी म्हणून आपण शाळेला काही देतो. पंखे दिले, संगणक दिले. या वर्षी जानेवारीत शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींसाठी औंढ्याच्या डोंगरात पायवाटेची एक दौड ठेवू. पाच किलोमीटर. मोठी जाहिरात नको, पाहुणे नकोत, डीजे नको. साठच्या वर मुली नकोत, म्हणजे प्रत्येकीवर लक्ष राहील. वनविभागाची लेखी परवानगी आधी. वाटेवर टाकलेला एकही कागद मागे राहणार नाही, आणि फिती त्याच संध्याकाळी काढून आणायच्या. दर किलोमीटरला आपल्यापैकी दोघं उभे राहतील, पाणी, ओआरएस आणि शिट्टी घेऊन. आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत. त्यांनी आजच हो म्हणावं, मी नावं घेत नाही, पण मला ते दिसतायत. शेवटची मुलगी येईपर्यंत कुणीही जागा सोडायची नाही. तिच्या मागे चालायला मी येईन.

मुलीच का, असं मागून कुणीतरी विचारलं. सांगते. आपल्या वर्गात मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं असायचं, आणि आपण मुली व्हरांड्यात उभ्या राहायचो. कुणी मनाई केली नव्हती. तसंच होतं. आजही शाळेत आले तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातच मुली दिसल्या. पुढच्या वर्षी मुलांनाही घेऊ.

बुटांचा प्रश्न येईल. खाचांच्या तळव्याचे साधे बूट लागतात, महागडे नकोत. ज्यांच्याकडे नसतील त्या मुलींच्या बुटांचा पहिल्या वर्षीचा खर्च माझा. दुसऱ्या वर्षीचा तुम्ही उचला.

आणि मुलींच्या आधी आपण. मंचाच्या डाव्या बाजूला एक वही ठेवली आहे. त्यात देणगी लिहायची नाही. आपलं नाव आणि आपली शेवटची तपासलेली साखर आणि रक्तदाब लिहायचा आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांनी 'आठवत नाही' असं लिहावं. ती वही कुणाला दाखवणार नाही, आपल्या तीन डॉक्टरांकडे राहील, आणि 'आठवत नाही' लिहिणाऱ्यांना ते महिन्याभरात फोन करतील. जे दोन मित्र आज इथं हवे होते, त्यांच्यासाठी आपल्याला उशीर झाला. उरलेल्या आपल्यासाठी अजून झालेला नाही.

जेवणाची वेळ झाली आहे, हळदीच्या गावात वरणाला रंग चांगला आलाय असं आतून कळलंय.   वही डाव्या बाजूला आहे, पेन तिथंच बांधून ठेवलंय. जेवायला जाताना त्या बाजूने जा.